वहीतली मिनिटं

इंग्लंडमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात, हे मला आपल्या फुटबॉलपटू बायचुंग भुतियामुळे कळलं. तोवर शनिवारी संध्याकाळी साडेसात वाजले की मी मनाशी म्हणायचो, तिकडे दुपारचे तीन झाले, मॅच सुरू झाली. नोव्हेंबर लागला की तेच साडेआठला म्हणायचं. बघायला काहीच नव्हतं. शनिवारी तीनच्या मॅचेस खुद्द इंग्लंडमध्येही टीव्हीवर दाखवत नाहीत, लोकांनी घरात न बसता मैदानात यावं म्हणून. ही पद्धत कित्येक वर्षांची आहे. मला ते पुष्कळ नंतर समजलं. तेव्हा वाटायचं की आपणच तेवढे नागपुरात आंधळ्यासारखे बसलो आहोत.

मी एकोणीस वर्षांचा होतो, आणि आमच्या क्लबात फॉरवर्ड, म्हणजे गोल मारायला पुढे, खेळायचो. १९९९च्या सप्टेंबरअखेर बातमी आली की बायचुंगनं बरी नावाच्या इंग्लिश क्लबाशी तीन वर्षांचा करार केला. त्याआधी त्याच्या मोठ्या क्लबांकडच्या चाचण्या फसल्या होत्या. ३ ऑक्टोबरला कार्डिफ सिटीविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून उतरलासुद्धा. क्लब ज्या लीगमध्ये होता तिचं नाव सेकंड डिव्हिजन, पण प्रत्यक्षात ती वरून तिसरी पायरी. हे आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं, आणि असतं तरी फरक पडला नसता. सिक्कीममधल्या तिनकिताम गावचा मुलगा इंग्लंडमध्ये पगारी फॉरवर्ड झाला होता. आम्ही नागपुरातल्या सदर भागातल्या मैदानावर प्रॅक्टिस संपल्यावर ही बातमी पुन्हा पुन्हा एकमेकांना सांगत होतो, जणू सांगणाऱ्यालाच ती पहिल्यांदा कळली आहे.

घरी बाबांना सांगितलं. ते एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ला सुरू केलेली ती मिल, नागपूरच्या निम्म्या जुन्या घरांची चूल तिच्यावर पेटलेली. बाबांना फुटबॉलमध्ये फारसा रस नव्हता. त्यांनी विचारलं, हे बरी कुठं आलं? मी म्हटलं, मँचेस्टरच्या उत्तरेला, जुन्या लँकेशायरमध्ये. लँकेशायर म्हटल्याबरोबर ते सरसावून बसले. मिलमधल्या जुन्या मशिनींवर लोखंडात कोरलेली त्या भागातल्या गावांची नावं त्यांनी वर्षानुवर्षं वाचली होती. धोट्याला वेग देणारा जॉन के त्याच बरीजवळचा, हे मी नंतर शोधून काढलं आणि त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना झालेला आनंद मला अजून आठवतो. अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा आपल्या वऱ्हाडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांकडे निघाला होता. बायचुंग बरीला जाण्याआधी ज्या जेसीटीकडून खेळला, १९९६-९७ची पहिली राष्ट्रीय लीग ज्या संघानं जिंकली, तो संघही फगवाड्याच्या कापड गिरणीचाच. एकेकाळी गिरणीच्या संघात खेळलेला फॉरवर्ड गिरण्यांच्या गावात गेला होता. बाबांना हे नातं एकदम पटलं. त्यानंतर दर सोमवारी ते विचारायचे, "आपला काय म्हणतो?"

सोमवारी, कारण निकाल सोमवारच्या पेपरात यायचे. क्रीडा पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, तेही जागा उरली तर. तिथं फक्त स्कोअर. बायचुंग खेळला की नाही ते कळायचंच नाही. त्यासाठी बर्डीवरच्या सायबर कॅफेत जायचं, तासाचे पैसे मोजायचे, पान उघडायची वाट बघत बसायचं. अकरा नावं, त्याखाली बदली खेळाडूंची नावं, कंसात मिनिटं. ते आकडे मी कागदावर उतरवून आणायचो. कधी नाव खाली कुठंतरी, पण पुढं आकडा नाही. म्हणजे पूर्ण नव्वद मिनिटं अंगावर जॅकेट घालून बसून राहिला. कधी नावच नाही.

पहिला लीग गोल आला १५ एप्रिल २०००ला, चेस्टरफिल्डविरुद्ध. पदार्पणापासून साडेसहा महिन्यांनी.

या साडेसहा महिन्यांत आमच्या इथं काय चाललं होतं ते मला सांगायला हवं. पहिला महिना सगळे उत्साहानं विचारायचे, गोल मारला का? दुसऱ्या महिन्यात तेच, जरा हळू आवाजात. डिसेंबरपासून विचारणंच थांबलं. जानेवारीत आमच्यातला एक मुलगा म्हणाला, "त्याचं नाही जमत आता." हे त्यानं कशावरून ठरवलं? त्यानं एकही मिनिट बघितलं नव्हतं. आम्ही कोणीच बघितलं नव्हतं. फॉरवर्ड आहे आणि गोल नाही, म्हणजे विषय संपला. डिफेंडर परदेशी गेला असता तर त्याच्याबद्दल इतक्या लवकर असं कोणी बोललं नसतं, कारण त्याचं मोजायचं काय हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. फॉरवर्डचं मोजमाप फार सोपं असतं, आणि त्या सोपेपणानंच त्याचा घात होतो.

ती लीग कशी होती ते थोडं सांगतो. चोवीस संघ, एका हंगामात ४६ सामने. आपल्या राष्ट्रीय लीगमध्ये तेव्हा याच्या निम्मेही नसायचे. शनिवारी खेळायचं, मंगळवारी पुन्हा खेळायचं, पावसात भिजलेल्या जड मैदानावर. बॉल मधल्या फळीतून खेळत येण्याऐवजी मागून उंच उचलून टाकलेला. असा बॉल आला की फॉरवर्डनं गोलकडे पाठ करून उभं राहायचं, मागून सहा फुटी डिफेंडरचं कोपर बरगडीत, तरी बॉल छातीवर घेऊन पाय टाकायचा आणि कोणीतरी येईपर्यंत धरून ठेवायचा. किंवा जोडीच्या फॉरवर्डनं डोक्यानं मागे सोडलेल्या बॉलचा अंदाज घेऊन आधीच धावायचं. दहा वेळा धावलं तर एकदा बॉल येतो. बाकी नऊ धावा कुठंच लिहिल्या जात नाहीत, पण त्या नऊ धावांमुळे डिफेंडर दोन पावलं मागे सरकतो आणि दुसऱ्या कोणाला तरी गोल मिळतो. बायचुंगची चपळाई, वळण घेण्याची हातोटी, बॉक्समधली बुद्धी हे सगळं आपल्याकडच्या कोरड्या, टणक मैदानांवर घडलेलं. ते त्याला तिकडे चिखलात नव्यानं उभं करावं लागलं. तीन वर्षांत लीगचे ३७ सामने आणि ३ गोल. पुढे गुडघ्यानं दगा दिला, क्लब पैशांच्या अडचणीत आला. २००२मध्ये तो परतला.

सदतीस आणि तीन. वर्षानुवर्षं मीही हे आकडे सांगताना "तीन"वर आवाज खाली आणायचो. तो आवाज कसा बदलला, ते माझ्या मित्राशिवाय सांगता येणार नाही.

तो कामठीचा. कामठीला ब्रिटिशांची छावणी १८२१पासूनची. तिथले जुने लोक सांगतात की बॉल गोऱ्या शिपायांनी आणला आणि गोरे गेले तरी बॉल राहिला. नागपुरात तुम्ही क्रिकेटवरून भांडाल, कामठीत फुटबॉलवरून. माझा मित्र तिथून सायकलनं प्रॅक्टिसला यायचा, पंधरा-सोळा किलोमीटर, बूट हँडलला लटकवलेले. आम्ही दोघं पुढे खेळायचो. मी बॉल मागायला खाली यायचो, तो डिफेंडरच्या खांद्यालगत उभा राहायचा. त्याच्यात माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त होतं, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

२००१ साली त्याला कोलकात्याच्या एका लहान क्लबानं एका हंगामासाठी बोलावलं. तिथल्या मैदान नावाच्या भागात तंबू असलेल्या जुन्या क्लबांपैकी एक. आम्ही वीस-पंचवीस पोट्टे त्याला गीतांजलीवर बसवून द्यायला नागपूर स्टेशनवर गेलो. त्याच्या आईनं चिवडा दिला होता, तिळाची चटणी दिली होती. कामठीच्या घरासाठी कोलकाता परदेशच होता. भाषा वेगळी, जेवण मोहरीच्या तेलातलं, पावसाळ्यात खेळायचा हंगाम, मेसमध्ये आठ जणांची एक खोली.

सुरुवातीला दर रविवारी तो एसटीडीवरून कोणाच्या तरी दुकानात फोन करायचा आणि आम्ही सगळे फोनभोवती जमायचो. प्रत्येकाच्या हातात रिसीव्हर अर्धा मिनिट. आणि प्रत्येक जण एकच विचारायचा: "गोल किती झाले बे?" मीही. माझ्या वाट्याचं अर्धं मिनिट मी यातच घालवायचो. ऑगस्टनंतर फोन येणं बंद झालं. आम्हाला वाटलं, मोठा झाला, विसरला. तो परतला तेव्हा न सांगता परतला. दोन वर्षांनी खेळाच्या कोट्यातून रेल्वेत लागला. आमच्या पिढीच्या फुटबॉलपटूच्या आयुष्यात "रेल्वेत लागला" यापेक्षा मोठं वाक्य नव्हतं, आणि ते खरंच मोठं होतं. त्यावर घरं उभी राहिली, बहिणींची लग्नं झाली.

कोलकात्याच्या त्या हंगामातली डायरी त्यानं मला कितीतरी वर्षांनी दाखवली. कोणत्या तरी खताच्या कंपनीनं फुकट वाटलेली, खिशात मावेल एवढी, हिरव्या रेक्झिनची. प्रत्येक मॅचच्या तारखेपुढे एकच आकडा. ०. ०. १२. ०. ७. ०. ०. ०. ३१. ०. ९०. ०. मी बघत राहिलो. तो म्हणाला, "मिनिटं आहेत." ९०च्या खाली त्यानं पेनानं दोनदा रेघ ओढली होती. गोलांचा रकाना नव्हताच.

मी विचारलं, त्या नव्वदमध्ये काय झालं? आणि तो अर्धा तास बोलला. पाऊस इतका होता की बॉल पडायचा तिथंच थांबायचा, म्हणून त्यानं मध्यंतरानंतर पास जमिनीवरून मागणं सोडून दिलं. समोरचा स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर, डावखुरा होता, तर त्याला उजवीकडे वळवलं की अर्धा सेकंद मिळायचा. एक बॉल दांडीला लागला. शेवटी पाय इतके जड झाले की तंबूपर्यंत जाताना बूट हातात घेतले. तो थांबला आणि म्हणाला, "हे तुले तेव्हाच सांगायचं होतं." मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही.

तेव्हापासून मी परदेशी खेळणाऱ्या आपल्या प्रत्येक फॉरवर्डची मिनिटं बघतो.

सुनील छेत्रीचं घ्या. निवृत्तीच्या सामन्यात, ६ जून २०२४ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध उतरला तेव्हा त्याच्या नावावर देशासाठी ९४ गोल होते; नंतर तो पुन्हा परतला हे वेगळं. एवढ्या माणसाची परदेशातली कारकीर्द किती? २००९मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी बोलणी करारापर्यंत गेली, पण कामाचा परवाना मिळाला नाही. कारण देश फिफा क्रमवारीत पहिल्या ७०मध्ये असायला हवा होता, आणि आपण शंभराच्याही बरेच खाली होतो. हा नियम मला नेहमी टोचतो. एका माणसानं कितीही गोल केले तरी त्याचा कागद बाकी दहा जणांच्या आणि पूर्ण देशाच्या निकालांवर अडायचा. आणि देशाचा निकाल सुधारायचा तर असे चार जण बाहेर जाऊन खेळायला हवेत. विहिरीला पाणी लागलं की दोर देऊ, असं म्हणण्यासारखं ते होतं.

२०१०मध्ये तो अमेरिकेत कॅन्सस सिटीला गेला. लीगच्या सामन्यात एकही मिनिट मिळालं नाही. कपचा एक सामना आणि मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या मैत्री सामन्यातली थोडी मिनिटं. २०१२मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगच्या ब संघात गेला, तीन सामने. आपल्याकडे याला "अपयशी प्रयत्न" म्हणतात. मला तसं म्हणवत नाही. तो रोज सकाळी उठून त्या संघाबरोबर प्रॅक्टिस करत होता, आपल्यापेक्षा वेगवान डिफेंडर अंगावर घेत होता, आणि शनिवारी यादीत नाव नसायचं. सव्वीस-अठ्ठाविसाव्या वर्षी, जेव्हा फॉरवर्डचा प्रत्येक महिना मोलाचा असतो. पुढे चाळिशीच्या उंबरठ्यापर्यंत टिकलेलं त्याचं शरीर, जागा शोधण्याची ती नजर, यात त्या न खेळलेल्या शनिवारांचा वाटा किती, हे कोणी मोजलं नाही. माझी खात्री आहे की तो मोठा आहे.

आणि मुळात सुरुवात कुठून झाली? १९३६मध्ये कोलकात्याच्या मोहम्मद सलीमनं ग्लासगोच्या सेल्टिककडून दोन सामने खेळले, अनवाणी. क्लबाचा प्रशिक्षक जिमी मॅकमेनेमी खाली बसून त्याच्या पायांना पट्ट्या बांधतोय, असा एक फोटो आहे. सामने दोन्ही जिंकले, कौतुक झालं, राहा म्हणाले. तो परत आला. घराची आठवण येत होती. बस, एवढंच कारण. त्या फोटोतला मॅकमेनेमीचा वाकलेला खांदा मी अनेकदा बघतो. परक्या गावात कोणीतरी तुमचे पाय हातात घेतंय, आणि तरीही तुम्हाला घरी जायचंय.

आता मुलींकडे येतो, कारण आता माझ्या घरात त्यांच्याच गोष्टी चालतात. मणिपूरची बाला देवी जानेवारी २०२०मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर असताना, ग्लासगोच्या रेंजर्सकडे गेली. दीड वर्षाचा करार. दोन महिन्यांत कोरोना आला, लीग थांबली. परक्या शहरात, बंद खोलीत, फॉरवर्ड म्हणून गेलेली बाई. पहिला गोल डिसेंबरमध्ये झाला, मदरवेलविरुद्ध, नऊ-शून्यच्या विजयात. आपल्याकडे जानेवारीत बातमी झाली "पहिली भारतीय", डिसेंबरमध्ये झाली "पहिला गोल". मधल्या दहा-अकरा महिन्यांचं कोणी काही छापलं नाही. होशियारपूरकडची मनीषा कल्याण सायप्रसच्या अपोलोनकडे गेली आणि १८ ऑगस्ट २०२२ला चॅम्पियन्स लीगच्या पात्रता सामन्यात बदली म्हणून उतरली. पुन्हा "पहिली भारतीय". पुढे ग्रीस, मग पेरू. आमच्या वर्तमानपत्रांना "पहिला" आणि "पहिली" हे शब्द इतके आवडतात की दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलीनं कोणती बस पकडली, कोणत्या भाषेत पास मागितला, याची त्यांना आठवण राहत नाही. कारकीर्द तर त्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते.

नागपूरनं आपली मुलं बाहेर पाठवलीच नाहीत असं नाही. विजय बारसे सरांनी २००१मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना जमवून सुरू केलेल्या स्लम सॉकरमधून कितीतरी जण बेघरांच्या विश्वचषकाला गेले. ज्यांच्या घरात कोणी विमानतळ पाहिला नव्हता त्यांच्या पासपोर्टवर शिक्के बसले. त्याचं मोल मोठं आहे. पण ती आठवड्याभराची स्पर्धा असते. ज्याला महिन्याचा पगार आणि शनिवारची यादी म्हणतात, तिथं आमच्या मैदानांवरून माझ्या ओळखीचं कोणी अजून पोचलेलं नाही.

पोचेल तेव्हा कागद लागतील. फिफाचा एक नियम मला फार आवडतो. करार चालू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबाकडे गेला आणि त्यासाठी रक्कम मोजली गेली, तर तिच्यातले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटायचे. बारा वर्षांचं पोरगं ज्या मैदानावर धावलं, त्या मैदानाचाही वाटा. पण ते पोरगं तिथं नोंदलेलं होतं हे दाखवावं लागतं. आमच्या क्लबाची रजिस्टरं एका पत्र्याच्या पेटीत जिन्याखाली होती. पावसाळ्यात पाणी शिरलं, उरलेलं वाळवीनं खाल्लं. माझं आणि माझ्या मित्राचं नाव त्यातच गेलं. आता नोंदणी ऑनलाइन होते. माझ्या मुलीचं नाव पहिल्यांदा पडद्यावर दिसलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं, आणि जन्मतारीख तीनदा.

ती चौदा वर्षांची आहे आणि पुढे खेळते. गेल्या महिन्यात शाळांच्या स्पर्धेत तिची मॅच होती, ती बेंचवर. मी कठड्याशी उभा राहून घड्याळ बघत होतो, ही सवय जाता जात नाही. शेवटी सरांनी तिला उतरवलं. गोल झाला नाही, संघ हरला. घरी येताना स्कूटरवर ती काही बोलली नाही आणि मीही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन कामठीला गेलो. माझा मित्र ड्युटी करून आला की संध्याकाळी तिथल्या मुलांना शिकवतो. आता पोट सुटलंय, पण बॉल पायाशी आला की खांदा तसाच पडतो. मुलं गेल्यावर आम्ही तिघं गोलपोस्टपाशी बसलो. चहा आला. त्यानं तिला विचारलं, "काल मॅच होती न बेटा?"

"हो काका."

"किती मिनिटं भेटली?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "अकरा."

"मंग सांग न अकरा मिनिटाचं."

ती आधी थोडी बूटाच्या नाडीशी खेळली. मग म्हणाली की उतरली तेव्हा ऊन बरोबर डोळ्यांवर होतं, म्हणून पहिला बॉल दिसलाच नाही, आवाजावरून पाय टाकला. मग तिला कळलं की ऊन त्यांच्या गोलकीपरच्याही डोळ्यांवर येईल, जर बॉल डावीकडून आला तर. म्हणून ती डावीकडे सरकली. चहाचा ग्लास बाजूला ठेवून तिनं मातीत बोटानं एक चौकोन काढला, आणि माझा मित्र तो बघायला पुढे वाकला.